डावीकडची भिंत

१

एजंट आला तो उंबऱ्यातच थांबला आणि नाक वर करून त्याने घर हुंगलं.

"बंद पेटीसारखा वास येतोय," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आधी नाकाने घर बघतं, मग डोळ्यांनी, आणि खिशाने सगळ्यात शेवटी. एवढं ध्यानात ठेवा, बाकी माझ्यावर सोडा."

त्याच्या अंगात पोपटी शर्ट होता आणि जिभेला विसावा नव्हता. ताईने मनातल्या मनात त्याचं नाव 'पोपट' ठेवून टाकलं. धाकट्याला ते तिच्या ओठांच्या कोपऱ्यावरून कळलं, कारण लहानपणापासून ती लोकांना अशीच नावं ठेवत आली होती. खुद्द धाकट्यालाही 'धाकटा' हे नाव तिनेच दिलं होतं आणि तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं.

घर लहानच होतं. ओळीतल्या घरांपैकी एक, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी वाटून घेतलेल्या. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून मोरी. पुढे हातभर अंगण आणि लोखंडी फाटक. पोपट पुढच्या खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि स्वतःभोवती फिरला.

"हे काय? सगळं सामान उजवीकडे लोटलंय आणि डावीकडे नुसती उघडी भिंत! आणि खिडकी कपाटामागे का कोंडलीय? ताई, राग मानू नका, पण खिडकीला कपाट लावणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता."

ताईने धाकट्याकडे पाहिलं.

"बाबांना दिसत नव्हतं," धाकटा म्हणाला. "उजेडाचं त्यांना काम नव्हतं. भिंत मोकळी लागायची."

एवढं बोलणं म्हणजे धाकट्याच्या हिशेबाने भाषणच. पोपटाची सवय मात्र कुठे जाते? त्याची नजर स्वयंपाकघराच्या चौकटीवर गेली. तिथे कमरेच्या जरा वर लाकडात एक आडवी खाच होती. मोरीच्या चौकटीवर तशाच दोन. मागे वळून पाहिलं तर पुढच्या दाराला तीन.

"उंदरांनी कुरतडलं म्हणावं तर उंदीर काय एवढे उंच असतात?"

"बाबांनी पाडल्यात," ताई म्हणाली. "सुतार होते ते. नजर पुरती जायच्या आधी स्वतःच पटाशी घेऊन बसले. एक खाच लागली की स्वयंपाकघर, दोन लागल्या की मोरी, तीन म्हणजे बाहेरचं दार."

"हुशार माणूस," पोपट मनापासून म्हणाला. मग खिशातला रुमाल काढून त्याने कपाळ टिपलं. "पण ताई, येणाऱ्याला आंधळ्या माणसाचं घर नाही घ्यायचं. त्याला स्वतःचं घर घ्यायचंय. खाचा बुजवा. भिंतींना रंग काढा, निदान हाताला येतो तेवढा. कपाट हलवा, खिडकी उघडा. टेबल मधे घ्या, दोन खुर्च्या समोरासमोर. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथे आपण बसून जेवतोय. आणि हो, तो फोटो काढा."

भिंतीवर बाबांचा फोटो होता. डोळे चांगले असतानाचा.

"फोटोने काय बिघडतं?" ताईने विचारलं.

"काही बिघडत नाही. पण तो बघतोय ना," पोपट म्हणाला.

२

खर्चाला हात आखडता होता, म्हणून जे घरात होतं त्यातच भागवायचं ठरलं. माळ्यावर बाबांच्या कामातून उरलेला ऑइल पेंटचा अर्धा डबा निघाला, फिक्कट पिवळा. भिंतींचा खालचा अर्धा भाग त्यात होईल, वरती चुना. पडदे धुऊन उलटे लावायचे, म्हणजे विरलेली बाजू खिडकीकडे. फरशीला सोडा. बिजागऱ्यांना तेल. ताई पदर खोचून उभी राहिली आणि घर तिने अक्षरशः झोडपून काढलं.

तिला घाई होती, आणि घाईला कारण होतं. नवरा सोडून गेल्यापासून ती दुसऱ्या शहरात दोन पोरांना घेऊन भाड्याच्या खोलीत राहत होती आणि घरमालकाने महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली होती. घर विकलं तर तिकडे दोन खोल्या घेता येणार होत्या, तिच्यासाठी, पोरांसाठी आणि धाकट्यासाठीही. बाबांना सांभाळायला म्हणून धाकट्याने आजवर गाव सोडलं नव्हतं. आता सांभाळायला कोणी उरलं नव्हतं, आणि तिकडच्या बेकरीत त्याच्यासाठी काम बोलून ठेवलेलं होतं.

"तू खाचा भर," ताई म्हणाली. "मी भरत नाही. माझ्याकडून वाकड्यातिकड्या होतील."

वाकडंतिकडं हे नुसतं निमित्त होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. धाकट्याने खडूची भुकटी आणि तेल कालवून लांबी मळली आणि अंगठ्याने खाचांत भरली. आधी मोरीच्या, मग स्वयंपाकघराची. पुढच्या दाराशी आल्यावर त्याचा अंगठा जरा थांबला. तीन खाचांच्या कडा वापरून वापरून गोल झाल्या होत्या. बाबा हाताच्या मागच्या बाजूने वाट शोधायचे. आयुष्यभर रंधा ओढून तळव्यांना घट्टे पडले होते. "लाकडाने माझा तळवा बहिरा केला," म्हणायचे, "पण उलटा हात अजून शहाणा आहे." बोटांची पेरं आणि नखं भिंतीवरून ओढत ते घरभर फिरायचे, आणि तो सरसर आवाज घरात सतत असायचा. कोणी ऐकायचं नाही इतका सतत.

त्याने तिन्ही खाचा भरल्या, पॉलिश पेपर मारला आणि वरून रंगाचा हात दिला. चौकट इतर कोणत्याही चौकटीसारखी दिसू लागली.

कपाट मात्र दोघांनाही हलेना. ताई म्हणाली, "बाबांनी सामान असं केलंय की जणू आपण कधी हलवूच नये." शेवटी खाली कांबळं घालून ओढलं. खिडकी उघडली तसा उजेड धबकन आत आला आणि इतक्या वर्षांचं खोलीचं वय उघडं पडलं. मग टेबल मधे आलं, खुर्च्या समोरासमोर आल्या. डावीकडची भिंत पोपटाच्या सांगण्यावरून तशीच मोकळी ठेवली. आत येणाऱ्याला वाट हवी, म्हणाला होता.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून येताना धाकट्याचा गुडघा टेबलावर सडकून आपटला.

"डोळे आहेत ना तुला?" ताई हसली.

तोही हसला. घरात बाबांचा एकच कायदा होता, वस्तू जिथली तिथे. त्यामुळे धाकटाही या घरात कधी खाली बघून चाललाच नव्हता.

३

सकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीवरची खाच पुन्हा दिसू लागली होती.

धाकट्याने बोट लावून पाहिलं. लांबी आत बसली होती. असं होतं. ओली लांबी वाळताना आकसते, म्हणून तर दोनदा भरतात. बाबांनीच त्याला शिकवलेलं. त्याने पुन्हा मळून पुन्हा भरली आणि याविषयी ताईला सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नाही.

मग त्याने डावीकडच्या भिंतीकडे पाहिलं.

पेंट अजून ओला होता. ऑइल पेंटला वाळायला वेळ लागतो. पुढच्या दारापासून कमरेच्या जरा वर एक पट्टा भिंतीवरून सरळ स्वयंपाकघराच्या दिशेने गेला होता, ओल्या रंगात ओढत नेलेला. चौकटीपाशी तो थांबत होता. तिथे रंग गोल गोल फासला होता, जणू काहीतरी तिथे असायलाच हवं आणि ते सापडत नाही. मग पट्टा पुढे गेला होता, चौकट ओलांडून कोपऱ्यापर्यंत, आणि परत फिरला होता. पुन्हा गोल. पुन्हा कोपरा. नंतर तो भिंत सोडून गेला होता.

"केलास ना सत्यानाश!" ताई मागून म्हणाली. "टेकला असशील झोपेत."

"मी नाही."

"मग मी?"

तिने ब्रश उचलला आणि फराफरा पट्टा पुसला. धाकटा मात्र पुसायच्या आधी जवळ जाऊन बघून आला होता. बोटांच्या टोकांनी ओढलं असतं तर ओळी रुंद आल्या असत्या, मऊ. इथे पेरांचे चार उथळ मार्ग होते आणि प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक ओरखडा. नखाचा.

तो फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि स्वतःला समजावू लागला. पडदा उडाला असेल, पडद्याच्या कड्या घासल्या असतील. पण खिडकी त्या बाजूला नव्हती. मांजर? मांजर कमरेएवढ्या उंचीवर चालत नाही.

बाबांनी प्राण सोडला तो या घरात नाही. तो दवाखान्यात. तिकडे नेलं त्या दिवशी ते नेहमीसारखे धाकट्याच्या मागे, त्याच्या खांद्यावरचा सदरा मुठीत धरून चालत निघाले होते. वेल्डिंगच्या दुकानापाशी रस्ता वळतो आणि उतार लागतो, तिथे पाय टेकवून उभे राहिले. "हा दवाखान्याचा उतार," म्हणाले. "हो बाबा, दाखवून लगेच परत," असं म्हणून धाकटा त्यांना घेऊन गेला, आणि डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं.

तिथल्या खाटेला एका बाजूला पडदा होता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. बाबा उलटा हात पुढे करून हवेत चाचपडत राहायचे. "मला घरी ने रे. इथे भिंत सापडत नाही."

"नेतो, बाबा," धाकटा रोज म्हणायचा.

४

पहिलंच गिऱ्हाईक आलं ते घर घेणारं निघालं. एक शिंपी आणि त्याची बायको. शिंपी हडकुळा, गळ्यात टेप तशीच लोंबत राहिलेली. बायकोला दिवस गेलेले. चालताना ती एक हात पाठीवर ठेवायची.

ताईने पोपटाच्या सल्ल्याने पाण्यात लिंबाची सालं उकळून घरभर वास केला होता. खिडकीत उजेड होता, टेबलावर धुतलेला पडदा कापून केलेलं कापड होतं, त्यावर दोन कप. खोटं काही नव्हतं त्यात, पण धाकट्याला ते घर कुणा दुसऱ्याचे कपडे घालून उभं असल्यासारखं दिसत होतं.

"केवढा उजेड!" शिंप्याची बायको म्हणाली.

"उजेड तर या घराचा जीव आहे," पोपट म्हणाला, आणि ताईला एकदम खोकला आला.

बायको दारातून आत येऊन डावीकडे वळली. मोकळ्या भिंतीपाशी थांबली आणि तिने बोट केलं.

"अहो, मशीन इथे. दारातून आत आलं की लगेच. उजेड समोरून हातावर पडेल."

"पायमशीन आहे," शिंपी पोपटाला म्हणाला. "ओतीव लोखंडाचं, वडिलांच्या वेळचं. धक्का लागला तर माणूस मोडेल, मशीन हलायचं नाही."

"बसेल की! त्याच्यासाठीच तर भिंत मोकळी ठेवलीय," पोपट म्हणाला.

सगळे स्वयंपाकघरात गेले. पोपट नळ सोडून पाण्याचा जोर दाखवत होता तेव्हा पुढच्या खोलीतून आवाज आला. ठक. लाकडावर हाड आपटावं तसा. आणि लगेच मागोमाग, दातांमधून हवा आत ओढल्याचा आवाज.

स्स.

बाबांना लागलं की ते ओरडत नसत. सुताराने बोटावर हातोडी बसली तर ओरडायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते फक्त तेवढाच श्वास ओढायचे.

"कोण आहे बाहेर?" शिंप्याने विचारलं.

"शेजारी!" पोपट तयारच होता. "भिंत एकच ना. ते शिंकले तरी ऐकू येतं. पण माणसं चांगली आहेत हो."

शिंप्याची बायको हसली. ताईने नळ बंद केला. ती मुद्दाम धाकट्याकडे बघत नव्हती, एवढं त्याला कळलं.

जाताना शिंप्याने घर पसंत असल्याचं सांगितलं. उरलेली रक्कम देऊन तीन-चार दिवसांत सामान आणायचं ठरलं. इसार म्हणून त्याने खिशात होतं ते ताईच्या हातावर ठेवलं. ताईने मूठ मिटली आणि ती मूठ तशीच छातीशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

५

त्यानंतर आवाज येतच राहिले. दिवसाढवळ्या, कधीही. टेबलाशी ठक. खुर्चीचा पाय फरशीवर किंचित सरकल्याचा. भिंतीवरून सरसर, आणि चौकटीपाशी येऊन थांबणं. तिथे थांबायचं ते फार वेळ.

"सामान हललंय, लाकूड बोलणारच," ताई म्हणाली. "नव्या जागी बसायला त्यालाही वेळ लागतो."

"हो," धाकटा म्हणाला.

"आणि रंगाने भिंती ओढल्या जातात."

"हो."

"तू नुसतं हो हो काय करतोस? काही बोल ना!"

धाकट्याला बोलायचं होतं. पण बोललं की ते खरं होणार होतं, आणि खरं झालं की त्याचं काहीतरी करावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई स्वयंपाकघरात भाजी चिरत बसली होती. धाकटा मोरीच्या दाराशी बिजागरीला तेल देत होता. घर निवांत होतं. विळीचा आवाज तेवढा.

पुढच्या खोलीत ठक झालं. स्स. मग पुन्हा ठक, जरा जोरात. खुर्ची पडली.

"डावीकडे, बाबा," ताई म्हणाली. मान वर न करता, चिरता चिरता, इतकी वर्षं म्हणायची तसंच. "टेबल सोडा. डावीकडे. भिंत आहे बघा."

विळी थांबली.

बाहेर पाय घासत कोणीतरी थोडं सरकलं. मग भिंतीला काहीतरी हलकेच टेकल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग एक लांब सुटलेला श्वास. बाहेर फिरून आल्यावर पहिल्यांदा हाताला भिंत लागली की बाबा सोडायचे तसा.

मग सगळं शांत झालं.

ताईच्या हातातलं वांगं खाली गडगडत गेलं. ते धाकट्याने उचललं नाही आणि तिनेही नाही. दोघं एकमेकांसमोर फरशीवर बसून राहिले. मग ताई बोलली.

"घरी आलेत ते."

"मी म्हणत होतो नेतो," धाकटा म्हणाला. "शेवटी आपले आपणच आले."

"आणि आपण काय केलं बघ."

६

धाकट्याने बाबांची पटाशी काढली. त्याच दुपारी त्याने एकेक खाच पुन्हा उघडली. लांबी भुकटी होऊन पडत गेली. टेबल उजवीकडे लोटलं, खुर्च्या त्याच्याखाली घातल्या. कपाटही दोघांनी मिळून ओढलं, आणि या वेळी ते सहज सरकलं. खिडकी गेली. खोलीत पूर्वीसारखा मळका अंधार पसरला. त्या दिवशी एकदाही ठक आवाज आला नाही. फक्त सरसर. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत, आणि पुढच्या खोलीतल्या बाबांच्या खाटेवर येऊन बसल्याची दोरीची कुरकुर.

धाकटा ऐकत बसला. त्याला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

"किती दिवस?" ताईने विचारलं.

"काय?"

"परवा शिंप्याचं सामान येणार. ते टेबल कुठेही ठेवतील. कपाट कुठेही लावतील. त्यांचं मूल रांगेल, खेळणी पडतील वाटेत. खाचा बुजवून ते त्यांच्या आवडीचा रंग देतील. तू काय रोज येऊन भिंत मोकळी करणार?"

"नाही विकायचं मग."

"आणि माझी पोरं?"

ताईने पदराने तोंड पुसलं.

"मी वाईट नाहीये रे," ती म्हणाली.

"मी कधी म्हटलं?"

"तू कधी काहीच म्हणत नाहीस. तेच तर."

खाटेची दोरी कुरकुरली. धाकट्याने तिकडे पाहिलं, तिथे काही नव्हतं, चादर मात्र मधे जरा दबलेली होती. ती आधीपासूनच तशी असेल.

"आपल्याबरोबर घेऊन जाऊ," तो म्हणाला.

"कसं?"

"जसं नेहमी नेतो तसं."

७

निघायच्या दिवशी शिंप्याची हातगाडी सकाळीच फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. मशीन वर बांधलेलं. शिंप्याची बायको सावलीत बसली होती. पोपट किल्लीसाठी ताटकळत होता.

"जरा पाच मिनिटं," ताई फाटक धरून त्यांना म्हणाली. "धाकटा आत आहे."

"घर सोडताना माणसाला जड जातंच," पोपट शिंप्याला म्हणाला. त्याने रुमालाने कपाळ टिपलं.

आत धाकटा खाटेला पाठ करून उभा राहिला. बाबांना उठवायची हीच पद्धत होती. पाठ करायची, जरा वाकायचं, म्हणजे त्यांच्या हाताला खांदा मिळतो. आणि मान वळवायची नाही. मान वळवली की खांदा फिरतो आणि मागच्याचा तोल जातो.

"चला बाबा," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणाला. "चला. ताईकडे जायचंय."

काही झालं नाही. बाहेर कुणीतरी खोकलं. धाकट्याला स्वतःची लाज वाटू लागली. रिकाम्या खोलीत वाकून उभा असलेला एक माणूस, बाहेर चार माणसं खोळंबलेली. आणखी थोडा वेळ थांबायचं आणि निघायचं, असं त्याने ठरवलं.

खाटेची दोरी कुरकुरली.

सदरा डाव्या खांद्यावर हळूच ओढला गेला. मग घट्ट. मूठ वळल्यावर कापड जसं गोळा होतं तसं ते गोळा झालं आणि कॉलर मानेला काचली.

धाकट्याने पाऊल उचललं. छोटं, बाबांच्या मापाचं. बाहेर जाताना आता उजवीकडे आलेल्या मोकळ्या भिंतीवर सरसर सुरू झाली आणि त्याच्याबरोबर दारापर्यंत आली. चौकटीपाशी ती थांबली. एक, दोन, तीन. पेरं खाचांवरून गेल्याचे तीन आवाज.

"उंबरा," धाकटा म्हणाला. "आता पायरी."

अंगणात ऊन होतं. ताई फाटकाशी उभी होती. तिने भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली. तिचा हात तोंडाकडे गेला. तिने फाटक पूर्ण उघडलं, धाकटा बाहेर पडल्यावरही ते धरून ठेवलं, अंग चोरून कडेला झाली, आणि दोन माणसं जायला लागेल तेवढ्या वेळाने मग सोडलं.

"किल्ली," ताई पोपटाच्या हातात देत म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता.

८

रस्त्याने ते चालत होते. पुढे धाकटा, मागे दोन पिशव्या घेऊन ताई, जरा अंतर ठेवून. एकाच कुंपणाची लांब भिंत बाजूने जात होती, धुळीने माखलेली. धाकटा सगळं सांगत होता. "खड्डा आहे." "सायकल येतेय, थांबा." "आता सरळ." त्याने आयुष्यात एवढं बोलून पाहिलं नव्हतं. लोक वळून बघत होते. त्याला पर्वा नव्हती. खांद्यावरची मूठ घट्ट होती.

"तिकडे दोन खोल्या आहेत," तो म्हणाला. "मी जाऊन लगेच खाचा पाडीन. भिंत मोकळी ठेवू. पोरांनाही सांगू, काही हलवायचं नाही."

एसटीचा थांबा वेल्डिंगच्या दुकानाच्या पलीकडे, उताराच्या तळाशी होता. दुसरा रस्ता नव्हता. तो विचार धाकट्याच्या डोक्यात आला तेव्हा दुकानातल्या ठिणग्यांचा आवाज कानावर पडलाच होता. पावलं खाली उतरू लागली.

मूठ थांबली.

"बाबा, दवाखाना नाही," धाकटा घाईघाईने म्हणाला. "शपथ. एसटी आहे खाली. ताईकडे जायचंय. बाबा, लगेच…"

'लगेच परत' त्याच्या तोंडात आलं होतं. ते त्याने गिळलं. पण मागच्या वेळी याच जागी हेच ऐकलेल्या माणसाला तो अर्धा शब्द पुरला.

सदरा सुटला.

धाकट्याने मान वळवली. मागे ताई होती. पिशव्या खाली ठेवून ती भिंतीकडे बघत होती. तोही बघू लागला.

कुंपणाच्या भिंतीवर, कमरेच्या जरा वर, धुळीत एक स्वच्छ पट्टा उमटत होता. ताईला ओलांडून तो आधीच मागे गेला होता, चार बोटांएवढा रुंद, सरळ, न अडखळता. बघता बघता लांब होत होता. त्याच्या पुढच्या टोकाशी धुळीचे कण उन्हात उडत होते आणि परत बसत होते. घराच्या दिशेने.

"बाबा!" धाकटा ओरडला. पण पाय निघेनात. खाली एसटी लागली होती आणि वाहकाने घंटी दिली होती.

पट्टा फाटकापाशी पोहोचला. हातगाडी मोकळी होऊन उभी होती. फाटक जरासं हललं.

आणि मग एवढ्या लांबूनही दोघांना ऐकू आलं. ठक. नव्या माणसांच्या कसल्या तरी वस्तूवर. आणि मग तो आत ओढलेला श्वास, जो एवढ्या लांबून ऐकू येणं शक्यच नव्हतं.

ताई धावत दोन पावलं पुढे गेली. रस्त्यावरचे सगळे लोक थांबून बघत होते, वेल्डिंगवाल्याने काच वर केली होती. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन हाक मारली.

"डावीकडे, बाबा! डावीकडे!"

धाकट्याने तिचा दंड पकडला, पण तोवर उशीर झाला होता. शिंप्याच्या बायकोने मशीनसाठी बोटाने दाखवलेली जागा त्याला आठवली होती. दारातून आत गेलं की लगेच.